मोलगीची परसबाग थंडी पाहून लावा

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत एक छायाचित्र वर्तमानपत्रांत हमखास येते. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब-वालंबा परिसरात गवतावर, पेंढ्यावर, वाहनांच्या टपावर गोठलेले दव आणि खाली पारा किती उतरला याची ओळ. सातपुड्याच्या थंडीची दखल एवढ्यावर संपते. त्याच थंडीमुळे मोलगीच्या डोंगरपट्ट्यातल्या घरामागच्या भाजीचे वेळापत्रक तळोदा-शहाद्याच्या सपाटीपेक्षा वेगळे होते, याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. परसबागेच्या योजना आखणाऱ्यांचे तर मुळीच नाही. माझे म्हणणे असे की या पट्ट्यात परसबागेचा सर्वांत मोलाचा हंगाम पावसाळ्याचा नाही. थंडी सरू लागते तिथून होळीपर्यंतचे सहा-सात आठवडे हाच तो हंगाम. त्यासाठी रोपे जानेवारीतच घराच्या आडोशाला तयार झाली पाहिजेत आणि बियाणे, सल्ला व मदत त्याही आधी पाड्यावर पोहोचली पाहिजे. आज हे सगळे पावसाच्या तोंडावर येते, म्हणजे ज्या काळात भाजीची सर्वांत कमी टंचाई असते त्या काळात.

ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची, म्हणजे 'उमेद'ची, 'माझी पोषण परसबाग' मोहीम २०२० साली राज्यभर जून-जुलैत राबवली गेली. कल्पना उत्तम होती. बचत गटांच्या बायकांनी गावोगावी वाफे आखले. राज्याच्या बहुतेक भागांत जून हाच लागवडीचा महिना असल्यामुळे वेळही चुकीची म्हणता येणार नाही. पण सातपुड्यात पाऊस पडला की डोंगरच भाजी देऊ लागतो. तरोटा, कुर्डू, बांबूचे कोवळे कोंब, मक्यात पसरलेली काकडी, बांधावरची चवळी आणि पुढे वाल, यांतली बरीचशी भाजी विकत घ्यावी लागत नाही की मुद्दाम लावावी लागत नाही. कोणती पाने कधी खुडायची आणि कोणती उकळून पाणी टाकून द्यायचे, हे तिथल्या बायकांना कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगले ठाऊक आहे. खरी ओढाताण होळीनंतर सुरू होते. शेत रिकामे, रान कोरडे आणि ताटात भाकरीबरोबर डाळ असली तर डाळ, नाहीतर मिरचीची चटणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) नंदुरबार जिल्ह्यातल्या पाच वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी आढळले. संपूर्ण महाराष्ट्रात हेच प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. या दरीला अनेक कारणे आहेत आणि भाजी हे त्यांतले एकच. पण कारण एकच असले, तरी वर्षाच्या ज्या महिन्यांत ते सर्वांत जास्त बोचते, त्या महिन्यांसाठी काय लावायचे हा प्रश्न विचारायलाच हवा.

उन्हाळ्यात खायचे असेल तर फेब्रुवारीत लावले पाहिजे, हे साधे गणित आहे. भेंडी पेरल्यापासून दीड-पावणेदोन महिन्यांत लागते, दुधी आणि गिलके दोन महिने घेतात, डांगर तीन. सपाटीवरचा शेतकरी जानेवारीच्या अखेरीस ही बियाणी सरळ जमिनीत टाकतो आणि ती उगवतात. डोंगरावर तसे होत नाही. भेंडीचे बी जमिनीला पुरेशी ऊब असल्याशिवाय हलत नाही. माती सोळा-सतरा अंशांच्या खाली असली की ते ओलीत पडून राहते आणि बऱ्याचदा कुजते. दुधी, कारले, काकडी, दोडके यांचेही तेच. टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपे दहा-बारा अंशांखाली वाढ थांबवून बसतात, आणि पानावरचे दव गोठले तर एका पहाटेत काळी पडतात. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, वाटाणा ही मंडळी मात्र हलकी थंडी झेलतात. म्हणून कार्तिकात लावलेली मेथी जानेवारीत हिरवीगार असते आणि तिच्याच शेजारचे टोमॅटो मान टाकतात. आता जमीन तापेपर्यंत थांबावे, तर मार्च उजाडतो. मार्चमध्ये पेरलेली दुधी मेमध्ये फळायला येणार आणि तोवर झरा आटलेला असणार. एका बाजूने थंडी आणि दुसऱ्या बाजूने पाणीटंचाई, अशा चिमटीत मोलगीची उन्हाळी भाजी सापडली आहे. जूनमध्ये बियाण्याची पाकिटे वाटून ती चिमटी सुटत नाही.

ती सोडवायची तर आधी थंडी कशी पडते हे पाहावे लागेल. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन दिवसाची ऊब वर सोडून देते. जमिनीलगतची हवा आधी गार होते, गार हवा जड असते, ती उतारावरून पाण्यासारखी खाली ओघळते आणि नाल्याच्या खोलगटात साचते. म्हणून हवामान केंद्रातल्या, माणसाच्या छातीच्या उंचीवर ठेवलेल्या तापमापीवर चार-पाच अंश दिसत असतानाही खाली गवतावर शून्य गाठलेले असते. एकाच पाड्यात उतारावरच्या घराजवळची मिरची वाचते आणि नाल्याकाठच्या वाफ्यातली जळते, ती यामुळेच. इथे एक विचित्र अडचण आहे. पाणी नाल्यात आहे, त्यामुळे भाजीचा वाफा साहजिकच नाल्याकाठी केला जातो आणि थंडीही नेमकी तिथेच साचते. सपाटीवरच्या गावठाणात घराला घर लागून असते. भिल्ल-पावरा पाड्यांत घरे दूरदूर, बहुतेक आपापल्या शेतात आणि उतारावर असतात. थंडीच्या बाबतीत ही मोठी सोय आहे. रोपवाटिका घराशी आणि मळा नाल्याशी, अशी विभागणी केली तर उताराची ऊब आणि नाल्याची ओल दोन्ही कामी येतात.

रोपवाटिका म्हटले की हरितगृह, प्लास्टिकचे ट्रे, कोकोपीट असे सामान डोळ्यांपुढे येते. त्यातले काहीही लागत नाही. पळसाच्या पानांचे द्रोण लावायचे, त्यात निम्मी माती आणि निम्मे कुजलेले शेणखत भरायचे, एकेका द्रोणात दुधी, गिलके, कारले किंवा डांगराच्या दोन बिया टोचायच्या आणि संक्रांतीनंतरच्या आठवड्यात ते घराच्या दक्षिणेकडच्या कुडाला टेकवून ठेवायचे. मातीने लिंपलेला कूड दिवसभर ऊन खातो आणि रात्री हळूहळू ऊब सोडतो. सूर्य मावळायच्या आत द्रोणांवर जुन्या लुगड्याची घडी काठ्यांच्या आधाराने ताणायची आणि सकाळी ऊन आले की काढायची. वेलवर्गीय रोपांची मुळे दुखावलेली चालत नाहीत, म्हणून द्रोणासकट आळ्यात बसवायचे. पान मातीत आपोआप कुजते. चार आठवड्यांत रोप तीन-चार पानांचे होते. फेब्रुवारीच्या मध्यावर ते बाहेर गेले की एप्रिलच्या सुरुवातीला पहिले फळ. मार्चमध्ये बी टाकणाऱ्यापेक्षा महिनाभर आधी. सपाटीवर या महिन्याला फारशी किंमत नसेल, मोलगीत त्या महिन्यावर सगळे अवलंबून आहे.

थंडीपासून रोप वाचवण्याचे काही समज मात्र तपासायला हवेत. पहाटे पाचोळा पेटवून धूर केला की दव गोठत नाही, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात धूर जमिनीची ऊब फारशी अडवत नाही. काम करते ती जाळाची आच, आणि ती जाळाभोवतीच्या काही हातांपुरतीच. घराच्या परसात त्यासाठी लाकूड जाळणे परवडणारे नाही. त्यापेक्षा आदल्या दिवशी वाफ्याला पाणी द्यावे. ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री ती सोडत राहते. दुसरी गोष्ट आच्छादनाची. मक्याची ताटे किंवा पेंढा जमिनीवर पसरला की ओल टिकते, हे खरे. पण थंडीच्या दिवसांत तेच आच्छादन जमिनीची ऊब खालीच कोंडते आणि वरचे रोप उलट जास्त गारठते. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत वाफा उघडा ठेवावा आणि होळी पेटली की पेंढा पसरावा. आच्छादन कायम चांगलेच, असे छापील पत्रकांत सरसकट लिहिलेले असते. डोंगरावरच्या वाचकासाठी त्यात एक ओळ वाढवायला हवी.

थंड देशांत ही रीत नवी नाही. तिथला घरगुती बागवान वर्षाची आखणी शेवटच्या हिमदवाच्या तारखेवरून करतो आणि तिथून मागे आठवडे मोजत टोमॅटोची रोपे खिडकीत लावतो. टोरांटोकडची मराठी कुटुंबेही कारली-भेंडीची रोपे मे महिन्याच्या उत्तरार्धात, व्हिक्टोरिया डेच्या सुमारास बाहेर काढतात, कारण त्याआधी भरवसा नसतो. सातपुड्यात कॅनडा आणायचा नाही. घ्यायची ती फक्त एक शिस्त: त्या गावाची त्या गावापुरती तारीख. मोलगीची तारीख डाबची नसेल आणि काठी गावाची मोलगीची नसेल. महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आहेत, पण ती जमिनीलगतचे तापमान सांगत नाहीत. प्रत्येक आश्रमशाळेच्या आवारात गवताच्या उंचीवर एक किमान-तापमापी ठेवली आणि विद्यार्थ्यांनी नोव्हेंबर ते मार्च रोजची नोंद केली, तर पाच वर्षांत या पट्ट्याकडे स्वतःचे थंडीचे पंचांग असेल. खर्च म्हणाल तर नगण्य.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप पाण्याचा. उन्हाळ्यात जिथे प्यायचे पाणी डोक्यावरून आणावे लागते, तिथे भाजी लावा म्हणणे क्रूरपणाचे नाही का? वीस प्रकारच्या भाज्यांचे वर्तुळाकार वाफे करा, असे म्हटले तर नक्कीच आहे. म्हणून मी सहा वेली म्हणतो, त्याहून जास्त नाही. एप्रिलमध्ये एका वेलीला रोज चार-पाच लिटर पुरते, म्हणजे सहा वेलींना पंचवीस-तीस लिटर, साधारण दोन हंडे. एवढे पाणी भांडी, अंघोळ आणि हात-पाय धुण्यातून घरात रोज सांडतेच. राखेने घासलेल्या भांड्यांचे पाणी वेलींना बिनदिक्कत चालते. साबणाचे पाणी पालेभाजीवर टाकू नये, आळ्यात बाजूला सोडावे. आळ्याच्या मध्यभागी एक पाझरणारा मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरले की मुळांना हवे तेवढेच झिरपते. ही युक्ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथातही नोंदलेली आहे. आणि जिथे दोन हंडेही सांडत नाहीत, तिथे परसबाग लावू नये. तिथे आधी झऱ्याचे काम व्हावे.

पाण्याइतकाच प्रश्न हातांचा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. मार्चच्या मध्यापासून महूची फुले गळू लागतात. बायका-मुले पहाटेच टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. त्यापाठोपाठ कैऱ्या येतात आणि आमचुराचे काम सुरू होते. कैरी सोलायची, कापायची, वाळवायची, हे काम दिवस खाऊन टाकते आणि त्यातून रोख पैसा येतो, म्हणून ते आधी. खड्डे खणणे, खत भरणे, कुंपण घालणे ही जड कामे जर मार्चवर ढकलली, तर ती होणारच नाहीत. आणि ती न करणारी बाई आळशी नसून हिशेबी आहे. फेब्रुवारीचा आग्रह त्यासाठीही आहे. तूर काढून झालेली आणि महू अजून गळायचा, या मधल्या दिवसांत घरी हात थोडे मोकळे असतात.

दुसरा आक्षेप स्थलांतराचा. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला, बांधकामाला गुजरातेत जातात आणि त्यांतली कित्येक होळीपुरती परततात. फाल्गुन पौर्णिमेला काठीची राजवाडी होळी पाहायला जी गर्दी लोटते, तिच्यातले बरेच जण काही दिवसांत पुन्हा कामाच्या गावाला निघून जातात. बंद घराच्या अंगणात वेल कोण जोपासणार? कुणीच नाही, हे खरे उत्तर आहे. त्या कुटुंबांसाठी पावसाळ्यात लावलेला शेवगा आणि हादगा हेच योग्य, कारण ही झाडे एकदा धरली की फारसे पाणी मागत नाहीत. पण प्रत्येक पाड्यात मागे राहणारे असतातच. म्हातारी माणसे, गरोदर व नुकत्या बाळंत झालेल्या बायका, आजीकडे ठेवलेली लहान मुले. पोषणाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक तीच आहेत. फेब्रुवारीची परसबाग त्यांच्यासाठी आहे. त्यांना जमेल एवढीच ती असावी, हेही त्यातून ओघाने येते.

तूर निघाली की गुरे-शेळ्या मोकळ्या सुटतात, मग कोवळी वेल टिकणार कशी, असेही विचारले जाते. वेलीला खरा धोका पहिल्या महिन्याचा. त्या काळात ती कुडाशी, द्रोणात आणि नजरेखाली असते. बाहेर गेल्यावर आळ्याभोवती बोरीच्या काटेरी फांद्या आणि चढायला बांबूचा मांडव किंवा सरळ घराचे छप्पर. छपरावर चढलेले डांगर शेळीच्या तोंडाला लागत नाही. हे आपल्याकडे पूर्वापार चालत आले आहे. नवे आहे ते फक्त महिनाभर आधी निघणे.

सर्वांत गंभीर आक्षेप असा की कुपोषणाचे मूळ रोजगार, रस्ते, दवाखाने, लवकर होणारी लग्ने यांत आहे, आणि परसबागेची भाषा करून सरकारची जबाबदारी आईच्या डोक्यावर टाकली जाते. या आक्षेपाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. आकडा मांडून पाहू. जागतिक आरोग्य संघटना दर माणशी दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाजी-फळे सांगते. सहा जणांच्या घराला ते रोज २.४ किलो होते. सहा वेलींनी प्रत्येकी अर्ध्या किलोची दहा फळे दिली, तर आठ आठवड्यांत ३० किलो, म्हणजे दिवसाला अर्ध्या किलोच्या आसपास. गरजेचा जेमतेम पाचवा हिस्सा. यातून कुपोषण हटेल असे म्हणणारा माणूस लोकांची दिशाभूल करतो. पण ज्या घरात मे महिन्यात भाजीच शिजत नाही, तिथे एक दिवसाआड किलोभर भाजी आणि वाफ्याच्या कडेला पेरलेल्या चवळीची कोवळी पाने, ही किरकोळ गोष्ट नाही. आणि हे काम एकट्या आईचे राहू नये म्हणून अंगणवाडी व आश्रमशाळा यांच्या आवारात ते आधी व्हावे. गरोदर व स्तनदा मातांना शिजवलेले जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आदिवासी भागात चालू आहे. त्या ताटातली एप्रिल-मेची भाजी आवारातूनच आली, तर घाटातून गाडी वर येण्याची वाट पाहावी लागणार नाही.

राहिला आक्षेप तापमानवाढीचा. थंडीच कमी होत चालली आहे, मग तिच्याभोवती कसले वेळापत्रक? सरासरी वाढते म्हणून थंडीच्या लाटा थांबत नाहीत. उत्तरेकडचे वारे एका आठवड्यासाठी खाली उतरले तरी बाहेर काढलेले रोप जायला एक पहाट पुरते. उलट जानेवारीअखेरचे उबदार दिवस फसवे असतात. त्यांना भुलून लवकर बाहेर लावलेली रोपेच पुढच्या लाटेत सापडतात. हवामान बेभरवशाचे झाले असेल, तर द्रोणातली, उचलून घरात नेता येणारी रोपवाटिका अधिकच उपयोगाची ठरते.

या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला थंडी समजत नाही, असा ग्रह कुणी करून घेऊ नये. डाब परिसरात लोकांनी महाबळेश्वरकडची स्ट्रॉबेरी आणून रुजवली. पावसाळा संपताना लावायची, हिवाळाभर पहाटेच्या दवातून सांभाळायची आणि लाल फळ रस्त्याकाठी विकायचे, हे ते करतात. पिकाला दाम मिळाला तर थंडीचे शास्त्र कसे झपाट्याने आत्मसात होते, याचा हा धडधडीत पुरावा आहे. घरच्या भाजीला बाजारात दाम नाही, म्हणून तिच्या वाट्याला ते शास्त्र आलेले नाही. तिथेच सरकारने हात द्यायचा आहे.

हा हात कसा असावा, तेही सांगतो. संकरित बियाण्याची रंगीत पाकिटे नकोत. त्यांच्या फळातले बी पुढच्या वर्षी तसेच उगवत नाही आणि बाई पुन्हा पाकिटाची वाट पाहत बसते. शेजारच्या धडगाव तालुक्यात बाएफ संस्थेच्या मदतीने स्थानिक मका-ज्वारीच्या वाणांचे जतन करणारी समूह बीज बँक उभी राहिली आहे. तीच पद्धत डांगर, गिलके, वाल, काकडी यांच्या घरगुती वाणांना लावता येईल. थोड्या पाण्यावर आणि गार रात्रीत तग धरणाऱ्या वेली याच डोंगरात आहेत, चुलीवरच्या धुरात टांगलेल्या भोपळ्यांत त्यांचे बी आहे. कोळदे येथील कृषी विज्ञान केंद्राने डोंगरपट्ट्यासाठी वेगळे, दोन पानांचे लागवड वेळापत्रक काढावे. 'उमेद'ने जूनच्या मोहिमेबरोबर संक्रांतीची मोहीम धरावी आणि बियाणे बचत गटांकडूनच विकत घ्यावे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बी पाड्यावर हवे असेल, तर ते पावसाळ्याच्या अखेरीस पक्व फळातून काढून, सुकवून ठेवलेले असले पाहिजे आणि खरेदीचा आदेश दिवाळीच्या आधी निघाला पाहिजे. जिल्हा परिषदेच्या फायलीत आज या आदेशासाठी रकाना नाही.